रविवारी टिकाव घेऊन जाता, तिथे मिळतं काय?

माणदेशी_पाहुणा

मागच्या रविवारी पहाटे साडेचारला उठून बुटाची नाडी बांधत होतो. बायकोने अंथरुणातूनच विचारलं, "तुला तिथे जाऊन मिळतं काय?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. मी "येतो गं" म्हणालो आणि पुण्याहून निघालो. दिवे घाट, जेजुरी, लोणंद, फलटण, आणि मोगराळे घाट चढून माणात उतरेपर्यंत डोक्यात तेवढंच चाललं होतं.

थोडी पार्श्वभूमी देतो. माण तालुक्यातलं हे गाव माझं आजोळ (नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथली निम्मी मंडळी इथे वाचक आहेत). पर्जन्यछायेतला मुलूख. ढग महाबळेश्वरला रिकामे होतात आणि आमच्याकडे नुसती सावली टाकून जातात. २०१८ साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत (गावांनी श्रमदानातून पाणी अडवायची स्पर्धा) गावाने भाग घेतला. त्या वर्षी स्पर्धा ७५ तालुक्यांत होती. ८ एप्रिल ते २२ मे, ४५ दिवस. मामाने फोन केला, "एक दिवस ये, नुसतं बघून जा." मी नुसतं बघायलाच गेलो होतो.

माथा ते पायथा, असा तिथला नियम. पाणी आधी डोंगराच्या माथ्यावर अडवायचं, मग खाली यायचं. दोन काठ्या आणि पारदर्शक नळी यांचं साधं हायड्रोमार्कर घेऊन पोरं समान उंचीचे बिंदू शोधायची, त्यावरून फक्कीची रेघ ओढायची आणि त्या रेघेवर सलग समतल चर खणायचे. टिकाव मारणारा एक, फावडं ओढणारा एक, आणि घमेली पुढे देणारी रांग. पहिल्या दिवशी माझ्या तळहाताला चार फोड आले. मी बँकेत काम करतो, हाताला सवय फक्त शिक्का मारायची. मामी म्हणाली, "राहू दे, तुला न्हाई जमायचं." त्या एका वाक्यामुळे मी पुढचे पाच रविवार गेलो, हे प्रामाणिकपणे सांगतो.

त्या वर्षी पहिला नंबर आमच्याच तालुक्यातल्या टाकेवाडीचा आला. आमच्या गावाचा कुठेच आला नाही. २०१९ नंतर ती स्पर्धाही थांबली. १ मेच्या महाश्रमदानाला टोप्या घालून आलेली बसभर माणसं पुन्हा दिसली नाहीत. चर मात्र दर पावसाळ्यात गाळाने भरतात. ते उपसले नाहीत, तर चार-पाच वर्षांत डोंगर पुन्हा होता तसा. ते उपसायला आम्ही आता अकरा जण उरलोय. त्याचा कुणी फोटो काढत नाही, कारण गाळ काढलेला चर आणि न काढलेला चर फोटोत सारखेच दिसतात.

तर तुम्ही जे काही करत असाल, रक्तदान म्हणा, गडावरची साफसफाई म्हणा, वारीतली सेवा म्हणा, ते का करता? एकच अट आहे. "समाधान मिळतं" हे उत्तर चालणार नाही. ते घरी देऊन झालंय, खपलेलं नाही.

---

ताकभात

पहिला! सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

---

घाटवाट

ट्रेकर आहे, पंधरा वर्षं. दरीत अडकलेली, घसरलेली माणसं बाहेर काढणाऱ्या गटात आहे. मोबदला शून्य. दोर, हार्नेस आम्हीच वर्गणीतून घेतो.

का जातो याचं माझं उत्तर फारच साधं आहे. फोन येतो. रात्री अकराला फोन वाजतो आणि पलीकडचा म्हणतो, "कुठपर्यंत आलास?" येतोस का, असं तो विचारतच नाही. तो निघालाय आणि मी निघालोच असणार, असं त्याने धरलेलं असतं. अशा वेळी "नाही" हा शब्द तोंडातून निघत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हाही असंच झालं. वर जायला रस्ता नाही, यंत्रं चढू शकत नाहीत, पाऊस थांबायला तयार नाही. चिखलाच्या पायवाटेने वर जायचं आणि जे काही करायचं ते हाताने. तिथे मी काय केलं ते लिहिणार नाही. परत आल्यावर आठवडाभर घरात कुणाशी नीट बोललो नाही, एवढंच सांगतो. त्याला समाधान म्हणत असतील, तर माझा शब्दकोश वेगळा आहे. आणि तरीही पुढच्या फोनला गेलो.

---

खडूस_नाना

सगळ्यांचं कौतुक वगैरे आहेच, पण एक विचारतो. मी कर भरतो. डोंगरावरचे चर, दरीतली माणसं, पुरातला चिखल ही कामं सरकारची. तुम्ही फुकट करता म्हणून सरकार करत नाही. उद्या रस्त्यातले खड्डेही लोकसहभागातून भरा म्हणतील. म्हणतातच.

दुसरं. निम्म्यांचा स्वयंसेवक हा व्हॉट्सॅपच्या स्टेटसपुरता असतो. एक झाड, सोळा माणसं, सोळांचेही हात त्या झाडाला लागलेले. झाडाला गुदगुल्या होत असतील.

(हलके घ्या.)

---

सुलभामावशी

नाना, झाडाचं वाचून खूप हसले. पण धागाकर्त्यांच्या प्रश्नाकडे येते.

मी निवृत्त शिक्षिका, वय ७१. माझ्या लहानपणी स्वयंसेवा हा शब्द गावात कुणी ऐकला नव्हता. होती ती इर्जिक. कुणाचा बैल मेला, कुणी अंथरुणाला खिळला, कुणाची पेरणी मागे पडली, की गावातले नांगर एकाच दिवशी त्याच्या रानात उतरायचे. दिवसभर काम, आणि त्या घरचं जेवण. मजुरी नाही. दुसरी पद्धत सावडीची. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. सावडीत हिशेब असायचा, पण तो वहीत नसायचा.

इर्जिकीला जाणाऱ्याला "तू का गेलास?" असं कुणी विचारलं नसतं. न जाणाऱ्याला मात्र विचारलं असतं. माझ्या वडिलांनी एकदा दांडी मारली होती, तर आजीने पुढचे दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. म्हणजे त्या चांगुलपणाला लोकलाजेचाही टेकू होता. तुमच्या बायकोचा प्रश्न आज पडतो, कारण पुण्यातून तुम्ही गेलात नाहीत तरी तुम्हाला कुणी विचारणार नाही.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. झाडण्याची ओळख आधी आणि बोलण्याची नंतर. आता बोर्ड आधी लागतो.

---

बिनसातबारा

वाचत होतो. लिहावं की नाही असं चाललं होतं, लिहितोच.

आमचं गाव अंबाजोगाई तालुक्यात. २०१६ साली वॉटर कपचं पहिलं वर्ष, तेव्हा तीनच तालुके होते: वरूड, कोरेगाव आणि आमचा. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. सहा महिने कोयता चालवून ती एप्रिलच्या सुमारास गावी परत यायची, अंगात काही उरलेलं नसायचं. आणि गावात आल्या आल्या दवंडी, उद्या सकाळी सहाला श्रमदान.

आमच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. डोंगरावर चर खणले की पाणी मुरतं आणि खालच्या विहिरींना येतं. विहीर कुणाची? ज्याचा सातबारा आहे त्याची. म्हणजे माझी आई ज्या दिवशी फुकट खणायची त्या दिवसाची तिची मजुरी जायची, आणि पाणी जाणार दुसऱ्याच्या डाळिंबाला. बँकेतला माणूस रविवारी टिकाव मारतो तेव्हा तो सुट्टी देतो. माझी आई भाकरी देत होती. दोघांनाही "श्रमदान" हाच शब्द.

धागाकर्ते, तुम्हाला टोमणा मारत नाहीये.

आता उलटी बाजू. आई तरीही रोज गेली. मी तेव्हा लातूरला शिकत होतो, फोनवर तिच्यावर चिडायचो. ती म्हणायची, "टँकरच्या रांगेत सगळ्यांच्या संगं उभं ऱ्हायचंय, आणि इथं न्हाई गेलं तर तोंड कसं दाखवू?" मावशींनी लिहिलेली लोकलाज ती हीच. पण नंतर एकदा दुसरंच काही बोलली. घमेल्यांच्या रांगेत तिच्या पुढे गावातल्या मोठ्या घरची सून उभी असायची. ती माझ्या आईच्या हातातून घमेलं घ्यायची आणि पुढे द्यायची. दिवसातून शंभरदा. एरवी त्या घरी आईला चहा वेगळ्या कपात मिळायचा, आणि तो कप ओसरीबाहेरच्या कोनाड्यात असायचा.

पाऊस पडला, स्पर्धा संपली. कप अजून कोनाड्यातच आहे, आई सांगते. पण ते दिवस तिच्या तोंडून मी वर्षातून दोनदा तरी ऐकतो.

---

ताकभात

कुकर झाला. पण वरचं वाचून माझं जे काही लिहायचं होतं ते फारच फुळकवणी वाटायला लागलंय. राहू दे. वाचतेय.

---

माणदेशी_पाहुणा

@बिनसातबारा, टोमणा असता तरी चालला असता.

आमच्या गावात हाच प्रश्न निघाला होता. २०१८ ला रोजगार हमीचा दर दिवसाला २०३ रुपये होता. ग्रामसभेत एक म्हातारी उठून म्हणाली, "माझे दोनशे कोण देणार?" सगळे हसले. मीही हसलो होतो, लाज वाटते. नंतर शेतमालकांनी वर्गणी काढून भूमिहीन घरांना धान्य द्यायचं ठरवलं. दिलं का? पहिले पंधरा दिवस दिलं.

आमच्या आत्ताच्या अकरा जणांत भूमिहीन एकही नाही. हे मी आज पहिल्यांदा मोजलं.

---

ओ_निगेटिव्ह

मी नियमित रक्तदाता. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी पूर्ण रक्त देता येतं. प्लेटलेट मात्र ४८ तासांच्या अंतराने देता येतात, वर्षाला जास्तीत जास्त २४ वेळा. माझ्या रक्तगटामुळे माझा नंबर बऱ्याच याद्यांत आहे आणि डेंगीच्या मोसमात माझा फोन थंड होत नाही.

कारण विचारलंत तर पहिल्यांदा गेलो ते कॉलेजच्या शिबिरात, मित्र चालले होते आणि बिस्किटं मिळत होती. पार्ले-जीचा पुडा आणि फ्रूटी. पण नानांच्या मुद्द्यावर, म्हणजे फुकट का, पैसे देऊन व्यवस्था का उभी करू नये, यावर थोडं लिहितो.

आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देणारे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं. पैशासाठी येणारा माणूस आपली कावीळ लपवतो, आपला मलेरिया लपवतो. फुकट देणाऱ्याला लपवायचं कारण नसतं. म्हणजे इथे फुकट असण्याने वस्तूच वेगळी होते.

उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या दोन अर्थतज्ज्ञांचा इस्रायलमधला एक प्रयोग आहे. घरोघर देणग्या गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांचे त्यांनी तीन गट केले. एकाला काहीच दिलं नाही. दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्का, तिसऱ्याला १० टक्के. सगळ्यात जास्त पैसे गोळा केले ते काहीच न मिळणाऱ्यांनी. १ टक्कावाले सगळ्यांत मागे. मला पटतं. कुणी मला प्लेटलेटचे पाचशे रुपये देऊ केले तर मी लगेच पेट्रोल आणि बुडालेला अर्धा दिवस मोजायला लागेन, आणि परवडत नाही म्हणेन. आज मोजतच नाही.

बिनसातबारा यांच्या आईला मात्र हा प्रयोग लागू होत नाही. त्या मुलांची घरी चूल पेटलेली होती.

---

वाशिष्ठीकाठ

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिते, कारण इथे सगळे देणारेच जमलेत.

चिपळूण. २२ जुलै २०२१. आमच्या तळमजल्यात पाणी छतापर्यंत गेलं होतं. पाणी उतरल्यावर घरात ढोपरभर चिखल, आणि त्याचा वास अजून कधीतरी येतो. मदतीच्या गाड्या आल्या त्यांतून कपडे आले. कपड्यांचे डोंगर. जरीच्या साड्या, एका पायाचे बूट, लग्नातला कोट. नाक्यावर ढीग पडला आणि पावसात भिजून त्याचाच वेगळा चिखल झाला. आम्हाला हवी होती फावडी, खराटे, पाणी उपसायचा पंप, प्यायचं पाणी, आणि हो, सॅनिटरी पॅड. देणाऱ्याने आपलं कपाट रिकामं केलं आणि हात झटकले. कडू बोलतेय, पण खरं आहे.

आणि मग कुठून तरी पाच पोरं आली. पंप घेऊन. कुठली संघटना, काही नाही, टी-शर्टवर नावं नाहीत. दोन दिवस आमच्या आळीत राबली. एकाने माझं शिलाई मशीन अंगणात नेलं, उघडलं, दात घासायच्या ब्रशने एकेक चाक धुतलं आणि तेल सोडलं. मी म्हटलं, "बाळा, गेलं ते, टाकून दे." म्हणाला, "काकू, माझ्या आईचं पण हेच मशीन आहे." ते मशीन चालू आहे. कालच त्यावर फॉल लावला.

पुढच्या वर्षीपासून पावसाळ्यात आमच्या आळीत आम्ही बायका दोर, बॅटऱ्या आणि कोरडा शिधा वरच्या मजल्यावर भरून ठेवतो, सगळ्यांसाठी. त्या पोराचं नाव विचारायचं राहून गेलं.

---

मिशिगनची_माई

आमच्याकडे रविवारची मराठी शाळा. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम, शिकवणारे सगळे पालक, पगार नाही. बारा वर्षं शिकवतेय. लोक म्हणतात, किती भाषेची सेवा.

कसली सेवा! माझ्या लेकाला मराठी बोलणारी चार पोरं मिळावीत म्हणून मी गेले होते. आणि खरं तर मलाच कुणीतरी हवं होतं. इथे पहिल्या हिवाळ्यात पाच महिने बर्फ, नवरा ऑफिसात, आणि मी खिडकीत. लेक आता कॉलेजला गेला, त्याला ळ अजून धड म्हणता येत नाही, पण मी शिकवणं सोडलेलं नाही. सोडलं तर रविवारी करू काय?

---

एनएसएसचा_पोऱ्या

मी एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना, कॉलेजातली) १० वाढीव गुणांसाठी गेलो होतो. वर्षाला १२० तास भरायचे, सात दिवसांचं शिबिर. पहिल्या शिबिरात तासांची वही भरण्यात सगळ्यांत पुढे मीच. दुसऱ्या वर्षी वही हरवली. तरी गेलो. का, ते माहीत नाही. रात्रीची खिचडी चांगली असायची. बाकी त्या शिबिरात एक मुलगीही होती, तो वेगळ्या धाग्याचा विषय.

---

चूल_आणि_चाक

धागाकर्ते, तुमच्या पोस्टमध्ये एक माणूस राहिलाय.

तुम्ही साडेचारला निघता, रात्री नवाला येत असाल. त्या सोळा-साडेसोळा तासांत घरी मुलांचं, म्हाताऱ्यांचं, गॅस सिलिंडरवाल्याचं कोण बघतं? चिखलाने भरलेले कपडे कोण धुतं? माझा नवरा गड साफ करायला जातो. टाक्यातला गाळ काढतो, झाडोरा तोडतो, फोटोत छान दिसतो. त्याला मी कधी अडवलं नाही, कारण काम चांगलं आहे. पण सहा वर्षांत माझा एकही रविवार माझा नव्हता. बिनसातबारांनी विचारलं विहीर कुणाची. मी विचारते रविवार कुणाचा.

आणि "तुला काय मिळतं" हा प्रश्न मीही विचारलाय. त्याचा अर्थ "तुला तिथे असं काय मिळतं जे इथे मिळत नाही" असाही असू शकतो. त्याला तुमचं जलसंधारण पुरणार नाही.

---

खडूस_नाना

ताईंनी षटकार मारला. +१.

आता कबुलीजबाब. मी गेली १४ वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. बिनपगारी. पंप जळला की फोन मला. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की फोन मला. कुत्रं कुणाच्या गाडीवर काही करून गेलं तरी मला. दर वार्षिक सभेत राजीनामा देतो, कुणी घेत नाही. गेल्या सभेत कोरमसुद्धा नव्हता. याला समाजकार्य म्हणता येणार नाही. ही शिक्षा आहे. पण मागच्या मे महिन्यात आठ दिवस गावी गेलो, तर तिसऱ्या दिवशी मीच वॉचमनला फोन करून विचारलं, "टाकी भरली का रे?"

---

घाटवाट

नाना, तुम्ही आमच्यातलेच निघालात. "कुठपर्यंत आलास"वाले.

---

माणदेशी_पाहुणा

चार दिवस गप्प होतो, कारण चूल_आणि_चाक यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. घरी.

बायको म्हणाली, हे सगळं बरोबर आहे, पण मी त्या दिवशी तसलं काही विचारलंच नव्हतं. गेल्या खेपेला तू मामाकडून हुलग्याचं पिठलं खाऊन आलास आणि डबा तसाच परत आणलास. म्हणून विचारलं, तुला तिथे जाऊन मिळतं काय. म्हणजे खायला. डबा करू की नको.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मग ती म्हणाली, "पण आता वाचलंच आहे, तर पुढचा रविवार माझा." ठरलं. पुढच्या रविवारी मी घरी, ती मैत्रिणींबरोबर भुलेश्वरला.

त्याच्या पुढच्या रविवारी गाळ काढायला आम्ही जाणार. बिनसातबारा यांचं वाचून मामाशी बोललो. दोनशे रुपये विचारणाऱ्या त्या आजी आता नाहीत. त्यांचा नातू गावातच मजुरी करतो. आम्ही अकरा जणांनी वर्गणी काढून त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना रोजाने लावायचं ठरवलंय, शेतात मिळतो त्याच दराने. मामाचं म्हणणं, मग ते श्रमदान कसलं? मी म्हटलं, तुझं श्रमदान, त्याचा रोज, चर तोच.

मामा अजून फुगलेला आहे.

---

बिनसातबारा

किती वाजता निघता? फलटणपर्यंत एसटीने येऊ शकतो. टिकाव माझ्याकडे नाही.

---

माणदेशी_पाहुणा

टिकाव आहेत. सात वाजता फलटण स्टँडवर थांबतो. टोपी आणि हातमोजे आणा, आणि डबा आणू नका. व्यक्तिगत निरोप करतो.